सीडर फोर्कचा फलक

वसंतात घराच्या पायरीशी आजीनं लावलेली फुलं उमलली, की वेल्डाबाई बादली, साबण आणि दातांचा जुना ब्रश घेऊन सीडर फोर्कच्या फलकाकडे जायच्या. त्या फुलांना चुण्याचुण्यांच्या दाट पाकळ्या, पिवळ्यात मधूनच हिरवी झाक. आसपास कुणाकडेच तसली डॅफोडिल नव्हती. आधी फलकाची अक्षरं घासायची, गेलेला रंग भरायचा, मग खांबाच्या पायाशी फुलं ठेवून गुडघे टेकायचे.

आमच्या काउंटीत असे लोखंडी फलक रस्तोरस्ती उभे आहेत. कुठे पहिली गिरणी, कुठे टपालगाडीचा थांबा, आणि बघायला जावं तर नुसतं गवत. सीडर फोर्कचं चर्च वणव्यात जळलं, थडग्यांवरचे लाकडी क्रूसही जळले, माणसं पांगली. चर्च आणि दफनभूमी इथे होती, एवढं फलक सांगायचा.

त्या दफनभूमीत वेल्डाबाईंच्या आजीचा थोरला मुलगा होता, एझ्रा. चालायला लागला आणि तापानं गेला. आजी दर वसंतात तिथे एकटीच जायची, कुणाला बरोबर न्यायची नाही. शेवटच्या आजारात मात्र तिनं छोट्या वेल्डाचा हात धरला. "त्याच्याकडे बघ हं. एकटं आहे गं लेकरू." पुढे रस्त्यावर फलक आला, आणि वेल्डाबाईंना वाटलं, देवानंच जागा दाखवली.

यंदा रस्ता रुंद करायचं निघालं. मशीन आलं त्या सकाळी वेल्डाबाई एप्रनच्या ओच्यात फुलं घेऊन फलकासमोर घडीची खुर्ची टाकून बसल्या.

"मिस वेल्डा, उठा की हो," मुकादमीण डार्ला म्हणाली. "माझी माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत. खाली निजलेत त्यांना कुठे घाई आहे?"

"अहो, आम्ही काय राक्षस आहोत? मशीन नाही लावत. हातानं खणते मी स्वतः. काही दिसलं तर तिथेच काम बंद."

डार्ला खरंच खड्ड्यात उतरली. छातीइतकं खोल गेली. मग वर बघून हळूच म्हणाली, "मिस वेल्डा, ही माती कोरी आहे. कधी कुणी उकरलेलीच नाही."

वेल्डाबाई खड्ड्याच्या काठाशी येऊन आत वाकल्या. इतकी वर्षं फुलं वाहिली ती कुणाला? आणि बाळ कुठे आहे?

कुंपणाला टेकून आर्व्हल बघत होता. पलीकडचं कुरण त्याचं, आणि शाळेत तो वेल्डाबाईंच्या मागच्या बाकावर बसायचा. "इथे कसं असेल?" तो म्हणाला. "फलक लावायला साहेब आले, तेव्हा पुढे चिखल होता. गाडीची चाकं थांबली तिथे खांब रोवला."

"आणि हे मला आत्ता सांगतोस? मी इथे गुडघे झिजवत होते, ते बघत होतास ना मेल्या?"

"मला वाटलं तुला ठाऊक असेल. फलक सगळे रस्त्यालाच असतात, गाडीतून वाचायला. आणि देवाशी बोलणाऱ्या बाईला मधेच कोण टोकणार?"

"मग जागा कुठली?"

आर्व्हलनं टोपी मागे सारली. "ते नाही माहीत. पण ओढ्याकडच्या सीडरच्या झाडांत आमचा बाप नांगर घालू द्यायचा नाही. कारण त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिथे फुलं येतात. गुरं तोंड लावत नाहीत."

वेल्डाबाई चालू लागल्या. आर्व्हल आणि डार्ला मागून गेले.

झाडांच्या सावलीत जमीन जागोजागी हलकेच खचली होती. माणूस उठून गेल्यावर गादीवर खळगा राहावा तशी. सगळे खळगे एका रांगेत, सगळे उगवतीकडे तोंड करून. त्यांच्या उशाशी साधी पिवळी डॅफोडिल. ना दगड, ना नाव. लावणारे हात कधीच मातीत गेले होते आणि फुलं मात्र आपली वेळ पाळत आली होती. वेल्डाबाईंना मोठ्यानं श्वास घ्यायचीही भीती वाटली.

रांगेच्या टोकाशी एक अगदी आखूड खळगा होता. त्याच्या उशाशी चुण्याचुण्यांची फुलं. पिवळ्यात हिरवी झाक.

त्यांनी ओच्यातलं एक फूल काढून शेजारी धरलं. पाकळी न् पाकळी तीच.

"एझ्रा," त्या म्हणाल्या, "किती रे हाका मारल्या तुला, आणि तू इथे."

ब्रश एप्रनच्या खिशातच राहिला. धुण्यासारखं तिथे काही नव्हतं. आभाळातल्या बापानं सगळं स्वच्छ ठेवलं होतं.

डार्लानं डोक्यावरचं हेल्मेट काढून छातीशी धरलं होतं. तिनं विचारलं, "फलक इथे आणून रोवू का, मिस वेल्डा?"

"नको गं बाई," वेल्डाबाई कुजबुजल्या. "इथे कुदळ नको. बाळ निजलंय."