मला नेमके काय हवे

माझ्या पंचाहत्तरीच्या आधी पूर्णेहून मुलीचा फोन आला. "आप्पा, तुमाला काय काय पाहिजे त्याची यादी करून ठेवा."

मी संतापलो. दिवाणी न्यायालयात आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाकडे यादी मागायची! भेट ही स्वेच्छेने, मोबदल्याविना द्यावयाची असते; मागून घेतली तर ती वसुली ठरते. या आशयाचे सविस्तर पत्र मी तिला त्याच दिवशी टाकले.

उत्तर फोनवर आले. "दिवाळीला मी तुमच्यासाठी कापड आणलं होतं. परवा मामाच्या अंगावर त्याचाच शर्ट बघितला. यादी द्या, न्हाई तर मी काहीच आणणार न्हाई."

आमच्याकडे आलेले कापड पेटीत जाते आणि पुढच्या लग्नात आहेर म्हणून बाहेर पडते. पेटीत कापड असताना नवे विकत आणणे ही उधळपट्टी समजतात. त्याच रीतीने पत्नीने ते राणीसावरगावच्या लग्नात आपल्या भावाला दिले होते. भेट स्वीकारणारा मालक होतो आणि मालकाने काय करावे हा त्याचा प्रश्न. कायद्याने आमची बाजू भक्कम होती. परंतु मुलीचा आवाज असा होता की ती स्वतःही येते की नाही, याची मला धास्ती वाटली. मी यादीला बसलो.

बसस्थानकात पिण्याच्या पाण्याचा नळ. टपाल कार्यालयात वृद्धांसाठी बाक. आमच्या गल्लीतील नालीवर झाकण.

पत्नीने कागद वाचला. "हे पोरीनं आणायचं का तहसीलदारानं?"

प्रथमच मला माझेच कुतूहल वाटले. गावाच्या सोयींसाठी कचेऱ्यांत इतके अर्ज केले, पण स्वतःसाठी काय मागावे हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी मी गंगाखेडच्या बाजारात काहीही घ्यायचे नसताना फिरलो. छत्र्या पाहिल्या, टॉर्च पाहिले, एक कात्री उघडझाप करून ठेवून दिली.

"काय पाहिजे काका?" दुकानदाराने विचारले.

"त्याचीच चौकशी चालू आहे."

"मग सावकाश होऊ द्या. सरकारी चौकशी दिसायलीय."

चपलांच्या दुकानात एक जोड घालून पाहिला. डावी बसली, उजवी बसेना. दुसरा जोड मागितला, तिसरा मागितला. प्रत्येक वेळी तेच. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा रुंद निघाला. म्हणजे आजवर मी दुकानदारांना, चांभारांना आणि एकदा तर कारखान्याला पत्राने दिलेला दोष माझ्याच पायात होता! मला राग येण्याऐवजी मौज वाटली. घरी येऊन दोन्ही पाय जवळजवळ ठेवून मी बराच वेळ पाहत बसलो.

यादीत एकच गोष्ट लिहिली: मापाने शिवून घेतलेल्या चपला.

पत्नी म्हणाली, "हे बरं केलं. आहेरात कोणाला देता येणार न्हाई."

रविवारी मुलगी आली. चहासुद्धा न घेता तिने फरशीवर वर्तमानपत्र पसरले, पिशवीतून पेन्सिल काढली आणि माझ्या पायाशी बसली.

"उभं राहा. भार दोन्ही पायांवर टाका."

पेन्सिल करंगळीजवळ आली तशी गुदगुली झाली आणि मी पाय ओढला.

"आप्पा, हलू नका ना! रेघ पुन्हा काढावी लागंल."

"काढ," मी म्हणालो.