पाच फुटी रोटावेटर

ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही. विसरण्याचा प्रयत्न मात्र पुष्कळ केला. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड खाल्ला. त्यातलं काहीच आता झोपमोड करत नाही. झोपमोड करतो तो एक रोटावेटर. ट्रॅक्टरच्या मागे जोडून माती भुसभुशीत करायचं लोखंडी अवजार. त्याच्या चोरीचा तपास मी केला, कागदोपत्री बंद केला, आणि तो चुकीचा बंद केला हे मला सही करतानाच माहीत होतं.

मी तेव्हा आंबिवलीच्या पुढच्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. हद्दीत अर्धी भातशेती आणि अर्धे डोंबिवली-ठाण्याच्या लोकांनी कुंपण घालून ठेवलेले तुकडे. शनिवार-रविवारी गाड्या यायच्या, सोमवारी तक्रारी. कुणाचं आंब्याचं कलम उपटलं, कुणाचा पंप गेला, कुणाच्या बांधावर गुरं शिरली.

फिर्यादी डोंबिवलीचे. तिथल्या एका रासायनिक कारखान्यात व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले. जमीन त्यांची नव्हे, सासऱ्यांची. सासरे ठाण्यात वर्तकनगरला राहणारे, वयाने ऐंशीच्या घरातले. गावाकडची दोन एकर त्यांनी विकली नव्हती. ती कसायची असं जावयांनी निवृत्तीनंतर मनावर घेतलं आणि त्यासाठी छोटा ट्रॅक्टर घेतला. सोसायटीतल्या चार मित्रांना तो दाखवायला ते आठवड्याच्या मधल्याच वारी गाडी घेऊन गेले. शेडचं कुलूप उघडलं तर ट्रॅक्टर जागेवर, मागचा रोटावेटर गायब.

"कुलूप तोडलेलं?" मी विचारलं.

"नाही. कुलूप शाबूत. पण साहेब, तुम्ही हे समजून घ्या, तो पाच फुटी होता. सगळे चार फुटी घेतात. मी पाच फुटी घेतला. एका फेरीत जास्त जमीन होते, म्हणजे डिझेल वाचतं, वेळ वाचतो. हे बघा, तक्ताच आणलाय."

तो तक्ता पुढे रोज आला. चोरी कुणी केली असेल असं विचारलं की गृहस्थ पात्यांची संख्या सांगत. मी म्हटलं, "साहेब, मला चोर पाहिजे, पाती नकोत." ते म्हणाले, "चोराला त्याची किंमत कळली, म्हणून तर नेला."

चोरीच्या कलमाखाली गुन्हा नोंदवला. शेडच्या चाव्या दोनच: एक सासऱ्यांकडे, दुसरी गावातल्या ट्रॅक्टर ड्रायव्हरकडे. जावयांना पाहिजे तेव्हा ते सासऱ्यांकडून चावी घेत, आणि मागच्या खेपेची त्यांनी अजून परत केली नव्हती. ड्रायव्हर चाळिशीचा. स्वतःचा ट्रॅक्टर नाही. आसपासच्या पाच गावांत ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे पण चालवणारं कुणी नाही, त्यांची सगळी नांगरट-चिखलणी हाच करायचा. मालक ठाण्यात किंवा मुंबईत, चावी याच्याकडे. त्याचा धंदा तेवढाच होता: लोक त्याच्याकडे चावी ठेवत.

पंचनाम्याला गेलो तर गावातला प्रत्येक माणूस ट्रॅक्टरवर बोलायला उभा. पंच म्हणून बोलावलेल्यांपैकी एकाने सांगितलं की इथल्या खाचरात रोटावेटर लागतच नाही, चिखलणीची लोखंडी चाकं लागतात, आणि ती या शहाण्याने घेतलीच नाहीत. दुसरा म्हणाला, चाकं काय करायची, मुळात ट्रॅक्टरच चुकीचा घेतलाय, द्राक्षबागेतला आहे. जावयांनी झाडं लावण्यासाठी खड्डे पाडायचं यंत्रही घेतलं होतं. ते मुरमात पहिल्याच दिवशी वाकलं होतं आणि शेडच्या कोपऱ्यात पडलं होतं. माझा हवालदार मूळचा मुरबाडचा. तो माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, खरं तर पॉवर टिलरच घ्यायला हवा होता." मी त्याला म्हटलं, "तू आधी खुणा लिहून घे."

खुणा स्पष्ट होत्या. शेडसमोर टेम्पोची चाकं वळली होती. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकने उचलल्याशिवाय असलं वजन टेम्पोत चढत नाही, म्हणजे ट्रॅक्टर चालवता येणारा माणूस हजर होता. ट्रॅक्टरची नवी बॅटरी जागेवर होती. डिझेलचा भरलेला कॅनही तसाच. आज मला वाटतं, चोरीच्या कल्पनेचा बोजवारा तिथेच उडायला पाहिजे होता. बॅटरी आणि डिझेल सोडून तीन-चार माणसांना न उचलवणारं धूड नेणारा चोर मी सबंध नोकरीत दुसरा पाहिला नाही.

त्याच संध्याकाळी पोलीस पाटलांचा फोन आला. ड्रायव्हरला त्या शेडसमोर टेम्पोत काहीतरी लोखंडी चढवताना लोकांनी पाहिलं होतं, भर दुपारी. मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदाराने त्याला घरून उचलला आणि शेड ओळखून दाखवायला गावातून पायी नेला. ते करायची काही गरज नव्हती. शेड सगळ्यांना माहीत होतं.

ठाण्यात त्याला समोर बसवला.

"टेम्पो कुणाचा?"

"भाड्याचा व्हता."

"म्हणजे माल चढवलास."

"चढवला."

"कुठे नेला?"

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चोरीचा माल चढवला म्हणून कबूल करतोस आणि कुठे नेला ते सांगत नाहीस?"

"चोरीचा नाय साहेब."

"मग कशाचा?"

"ता मी नाय सांगनार. शब्द दिलाय."

"कुणाला?"

हवालदाराने मध्येच विचारलं, "काय रे, तो पाच फुटी त्या ट्रॅक्टरला झेपायचा तरी का?"

तेवढ्यावर त्याला वाचा फुटली. "कुठचा झेपतो हवालदारसाहेब. मागं उचलला का पुढची चाकं अधांतरी. बांधावरून वळताना दोनदा मरता मरता वाचलो. मी पयलंच सांगितलेला, घेयाचा तर पंचेचाळीस एचपीचा मोठा ट्रॅक्टर घ्या."

"मोठा? तुमच्या गावच्या त्या बोळातून?" हवालदार म्हणाला. "भिंती पाडणार होतास का दोन्हीकडच्या?"

"भिंती जुन्याच हायत."

मी टेबलावर हात आपटला. माझ्या ठाण्यात चौकशी चालली होती की कृषी प्रदर्शन, हेच मला कळेना. त्याला दुसऱ्या दिवशीही बसवून ठेवला. मारहाण केली नाही, तेवढं खरं. पण धमकावलं. म्हटलं, "आत गेलास तर परत कोण चावी देईल तुला?" त्याने मान खाली घातली. माझं बोलणं वर्मी लागलं असं मला वाटलं. खरं म्हणजे तो घाबरला होता, आणि तरी बोलला नाही. एवढंच म्हणाला, "थोरल्या बाबांना कळवू नका. त्यांना एकदा हार्टचा अटॅक आलाय."

थोरले बाबा म्हणजे जमिनीचे मालक, फिर्यादींचे सासरे. हे ऐकून मात्र मला जाग आली. ज्याचा माल गेला त्याच्या तब्येतीची काळजी करणारा चोर.

माल कुणी विकायला आणला होता का ते विचारायला कल्याणला अवजारांच्या दुकानात गेलो. फिर्यादींनी खरेदी तिथेच केली होती. पाच फुटी रोटावेटर दुकानाच्या मागच्या बाजूला निवांत उभा होता, पात्यांना माती तशीच.

दुकानदार म्हणाला, "तो ना? म्हाताऱ्या बाबांनी परत केला. बदली चार फुटी सांगितलाय. रंग हाच हवा म्हणाले, स्टिकरसुद्धा त्याच जागी लावून द्या म्हणाले. माल यायला उशीर झाला आमच्याकडून."

"मग तुम्ही फिर्यादीला सांगितलं का नाही?"

"त्यांनी फोनच केला नाही. आणि बाबांनी बजावलेलं, जावयाला कळता कामा नये."

तिथून तडक वर्तकनगर गाठलं. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. म्हातारबाबा खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. चोरीचा गुन्हा नोंदवलाय हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जावई म्हणाले होते, बाबांच्या तब्येतीला ताण नको. ड्रायव्हर पोलीस ठाण्यात बसलाय म्हटल्यावर त्यांच्या हातातल्या शेंगा मांडीवर सांडल्या.

"त्याला धरलंत? अहो, मीच सांगितलं त्याला चढवायला."

"मग ही गोष्ट जावयांना सांगून करता आली नसती?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी मराठी घरात वाढलेलो नाही. "जावईबापूंना सांगू, की तुम्ही आणलेलं चुकलं? लग्नापासून या घरात त्यांना कुणी असं बोललेलं नाही. आणि निवृत्तीनंतर ते घरात नुसते बसून असायचे, साहेब. मुलगी फोनवर रडायची. हा ट्रॅक्टर बघायला लागले, प्रदर्शनं फिरले, तक्ते केले, तेव्हा माणसात आले. तो ड्रायव्हर एक दिवस त्याखाली सापडला असता. म्हणून म्हटलं, गुपचूप छोटा आणून ठेवू. लांबून काय कळतंय एका फुटाने."

मी कपाळावर हात मारून घेतला. ऐंशी वर्षांचा माणूस स्वतःच्या शेतातलं अवजार चोरासारखं बदलतो, कारण जावयाला नाही म्हणायची सोय नाही.

त्यांनी हात जोडले. "जावईबापूंना कळू देऊ नका. गावात मी स्वतः जाऊन सांगतो, पोराचा काही दोष नाही म्हणून."

इथे माझी चूक झाली, आणि ती मी समजून उमजून केली.

गुन्ह्याचा तपास संपला की न्यायालयाला अहवाल जातो. गुन्हा खरा आहे पण आरोपी सापडला नाही, तर 'अ' समरी. गुन्हा घडलाच नाही, गैरसमजातून तक्रार झाली, तर 'क' समरी. इथे सरळ 'क' होती. पण त्यासाठी म्हातारबाबांचा जबाब लागला असता, दुकानदाराचा लागला असता, आणि फिर्यादीला सगळं वाचायला मिळालं असतं. एका सभ्य घराची लाज राखावी असं मला वाटलं. त्यात आळस किती आणि दया किती हे आज मला सांगता येणार नाही. मी 'अ' समरी पाठवली. चोरी झाली, चोर मिळाला नाही. ड्रायव्हरला सोडून दिलं. चार फुटी रोटावेटर शेडमध्ये आला. सासऱ्यांनी जावयांना सांगितलं की चोरीचं मला कळलं, नवा मीच घेतला, आता तपासाच्या मागे लागू नका.

म्हातारबाबा गावात जाणार होते. त्याच पंधरवड्यात ते आजारी पडले आणि नंतर त्यांनी घर सोडलं नाही. मी हे ऐकलं होतं. मी स्वतः जीप काढून गावात गेलो असतो तर अर्ध्या तासाचं काम होतं.

काही महिन्यांनी ड्रायव्हर माझ्या पोलीस ठाण्यात आला. म्हणाला, "साहेब, एक ओळ लिवून द्या. चोरी मी केली नाय म्हनून."

मी म्हटलं, "अरे, तुझ्यावर गुन्हाच नाही. मग लिहून काय देऊ?"

"गुन्हा नाय, पन चोर पन गावला नाय ना. लोक इचारतात, मग पोलिसांनी नेलेला कशाला? दोघांनी चाव्या मागून घेतल्या."

"लोकांची तोंडं मी धरू का?"

तो आला तसा गेला. माझं वाक्य मला तेव्हा बिनतोड वाटलं होतं.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, म्हातारबाबा कधीच गेल्याचं कळल्यावर, मी डोंबिवलीला जावयांकडे गेलो. आता लपवण्यासारखं कुणाचं काही उरलं नव्हतं. त्यांनी चहा मागवला, मी सगळं सांगितलं. ते मध्ये एकदाही चकित झाले नाहीत.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "नवा आला त्याच दिवशी मी फुटपट्टी लावली. चार फूट. आणि स्टिकर जुन्याच जागी. दुकानदाराला विचारलं, त्याने सांगून टाकलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बाबांनी माझ्यासाठी एवढी खटपट केली. ते उघडं पाडून त्यांना लाजवायचं? कसं बोलणार, साहेब."

"आणि ड्रायव्हर?"

"त्याला तुम्ही सोडलं होतंत ना?"

या माणसावर चिडायचा मला अधिकार नव्हता, तरी मी चिडलो. सासऱ्याने जावयाचा मान राखला, जावयाने सासऱ्याचा, मी दोघांचा. तिघांनाही सगळं ठाऊक होतं, आणि त्याची किंमत जो भरत होता त्याला आम्ही कुणी विचारलं नाही. पोलिसाच्या नोकरीने मला गुन्हेगार ओळखायला शिकवलं असं मी भाषणांत सांगत आलो. निरपराध माणूस ओळखून झाल्यावर त्याचं काय करायचं, हे मी शिकलोच नाही. त्याला सोडून देणं म्हणजे काम झालं असं मी समजत होतो. त्याला जिथून पायी नेला होता तिथे परत नेऊन चार लोकांसमोर उभं करून, चोरी झालीच नव्हती असं मोठ्याने सांगायला हवं होतं. तेही पोलिसाचंच काम आहे.

ड्रायव्हरला शोधायला वेळ लागला. भिवंडीकडे एका गोदामाच्या फाटकावर पहारेकरी आहे. केस पांढरे झालेत. मला ओळखलं, खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. मी म्हटलं, मी हे लिहून छापायला देणार आहे, सगळं खरं खरं.

"लिवा," तो म्हणाला. "माझा नाव घालनार?"

मी म्हटलं, "आम्ही अशा लेखात कुणाचंच नाव देत नाही. तुझीच बदनामी नको म्हणून."

तो हसला. त्यात गंमत नव्हती. "नेला तवा नाव घेऊन हाक मारलेली हवालदारान, आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी. आता लाजता?"

घरी येऊन हे लिहायला बसलो. बाकी कुणाची नावं मी लिहिलेली नाहीत, लिहिणारही नाही. त्याचं नाव काळूराम राघो शेलवले. त्या शेडमधून कधीही काहीही चोरीला गेलेलं नव्हतं, आणि काळूराम राघो शेलवले यांनी काहीही चोरलेलं नाही, हे त्या ठाण्याचा तेव्हाचा प्रभारी अधिकारी म्हणून मी लिहून देतो.