शुक्रवारी बंद ठेवलेला सर्व्हर

अंबरनाथच्या त्या परिषदेत मला बोलावलं ते जुना माणूस म्हणून. एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात कॉम्प्युटर विभाग मी उभा केला होता. विषय होता व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक सर्व्हर चालवणं, आणि डेटा सेंटरमधले नवे प्रवाह. एका तरुण वक्त्याने दाखवलं, की हल्ली एक यंत्र आजारी पडू लागलं की त्याच्यावरचं काम आपोआप दुसऱ्यावर सरकतं. टाळ्या पडल्या. मला वाजवता आल्या नाहीत. तिसऱ्या रांगेत ती बसली होती.

ती बदलापूरची. पूर्वी माझ्या हाताखाली काम करायची.

चहाच्या वेळी उल्हासनगरच्या एका सिंधी शेठनी मला बाजूला घेतलं आणि तिच्याकडे बोट दाखवलं. ते नवं डेटा सेंटर काढत होते.

"साहेब, या मॅडम आपल्याकडे इनचार्ज म्हणून यायच्या आहेत. इंटरव्ह्यू एकदम फर्स्ट क्लास. पण तुमचे जुने मॅनेजर म्हणतात, सगळा डेटा हिनेच घालवला. खरं काय ते सांगा, साईं. आजच फायनल करायचंय."

"बघू," म्हणालो, आणि माझ्या भाषणासाठी पुकारा झाला.

मी कारखान्यात होतो तेव्हा शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असायची, आणि वीज बहुधा त्याच दिवशी जायची. वीज गेली तर छोट्या जनरेटरवर दोन सर्व्हर आणि एसी झेपत नसत. म्हणून दर शुक्रवारी दोन्हींवरचं काम एकावर आणून दुसरा बंद ठेवायचा, ही माझी पद्धत. हुकूम तोंडी. एकदा ती म्हणाली होती, "सर, बॅकअपपण त्याच मशीनवर येतोय. ते गेलं तर दोन्ही गेलं."

"आजवर गेलंय का? सरकव."

त्याच शुक्रवारी ते यंत्र गेलं, बॅकअपसकट. चौकशीत मॅनेजरनी विचारलं, बॅकअप तिथे कोणी नेला? तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ते काम तिच्याकडे असतं." वाक्य खोटं नव्हतं, म्हणून कुणी पुढे विचारलं नाही. तिला राजीनामा द्यायला लावला.

परिषदेतही मी आमच्या विभागाची वाटचालच सांगितली. शुक्रवार गाळला. प्रश्नांची वेळ आली तेव्हा तिने माइक मागून घेतला.

"सर, दोन यंत्रांचं काम एकावर आणलं, तर बॅकअप कुठे ठेवायचा?"

मागून कुणीतरी हसलं. "मॅडम, हे तर कॉलेजातली पोरंपण सांगतील!"

शेठ पहिल्या रांगेतून एकटक बघत होते.

"वेगळ्या यंत्रावर," मी म्हणालो. "या बाईंनी हे मला तेव्हाच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. हुकूम माझा होता, आणि नोकरी जाईल म्हणून चौकशीत मी गप्प बसलो."

सूत्रसंचालकाने घाईघाईने आभार मानले.

खाली उतरलो तर शेठ आणि ती, दोघंही वाट अडवून उभे. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. शेठ म्हणाले, "मला पटलं. पण माझ्या पार्टनरला मॅनेजरांनीच सांगितलंय. मॅनेजरना लावा फोन."

मी लावला. सगळं सांगितलं. मॅनेजर म्हणाले, "आता बोलून काय उपयोग?"

स्पीकर चालू होता. तिने फोन माझ्या हातातून घेतला.

"मला आहे, सर. शेठ इथेच आहेत, त्यांच्याशी बोला," म्हणाली, आणि फोन शेठच्या हातात दिला.