विंगेतून आलेला ‘अच्छा’

आधीच सांगते, मी गणिताची शिक्षिका. सगळी नोकरी पोरांना ‘सिद्ध कर, नाहीतर खाली बस’ म्हणण्यात गेली. भुतंखेतं, संकेत, कोणी स्वप्नात येऊन सांगणं... असलं काही निघालं की मी चहा ठेवायला उठायचे. त्यामुळे हे वाचता वाचता तुम्हीही उठलात, तर मला राग येणार नाही.

आम्ही जबलपूरचे — म्हणजे आमचे हे जबलपूरचे, मी नाशिकहून लग्न होऊन आले. घर महाराजपूरच्या एका कॉलनीत. ओमती भागात आमच्या मराठी मंडळाचा छोटा हॉल आहे, तिथे गणपतीत नाटक होतं. ह्यांना अभिनय काडीचा येत नव्हता, म्हणून हे कायमचे प्रॉम्प्टर. आणि प्रॉम्प्टिंग कसं? तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाणारं! शिवाय प्रत्येक वाक्याआधी एक ‘अच्छा’. इथल्या पोरांना मराठी समजतं, पण बोलताना हिंदीची काठी लागते. त्यामुळे विंगेतून जे येईल ते पोरं जसंच्या तसं म्हणून टाकतात. एका वर्षी भर दरबारात प्रधानाने मुजरा करून सांगितलं, ‘अच्छा, महाराजांचा विजय असो!’ टाळ्या महाराजांना नाही, ह्यांना पडल्या.

होळीनंतर हे गेले. झोपेतच. मी रडले नाही, आणि नंतर हसलेही नाही. स्वयंपाक, औषधं, नातवाचा अभ्यास, सगळं वेळच्या वेळी चालू होतं. पण मुलगा आणि सून माझ्यासमोर टीव्हीवरचा विनोदही आवाज कमी करून बघायचे. मला हसायचं होतं हो! पण हसले तर ह्यांना मागे टाकून पुढे निघाल्यासारखं होईल, असं काहीतरी मनात बसलं होतं.

गणपतीच्या आधी मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. “वहिनी, भाऊंची जागा रिकामी आहे. पोरं अडकून राहिली. चलो, तुम्हीच बसा.”

नाही म्हणायलाही ताकद लागते, ती नव्हती. गेले.

नाटक हलकंफुलकं. पाहुणे टाळायला आजारपणाचं सोंग करणारा बाप आणि त्याला पकडणारी मुलगी. बाप झाले होते कॉलनीतले दातांचे डॉक्टर. मुलगी झाली होती रिद्धी, बी.कॉम.ला शिकणारी. तिच्या घरचे त्याच पावसाळ्यात शहपुऱ्याहून इकडे राहायला आलेले. ह्यांना तिने कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. तालमीत मी विंगेतून ‘पंखा बंद करा रे’ म्हटलं, तर हिने बापाकडे बघून हातवारे करत ‘पंखा बंद करा रे’ म्हटलं! सगळे हसून लोळले. मी सोडून.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. दुसऱ्या अंकात रिद्धी अडकली. वाक्य माझ्या हातातल्या कागदावर स्वच्छ दिसत होतं — ‘बाबा, उठा, पाहुणे गेले.’ मी तोंड उघडलं... आणि आवाजच फुटेना. ह्यांच्या स्टुलावर बसून, ह्यांचं काम, मी... रिद्धी माझ्याकडे बघतेय, हॉल गप्प, डॉक्टर पलंगावर डोळे मिटून घाम गाळतायत.

एकदम पोरीचा चेहरा खुलला. खणखणीत आवाजात म्हणाली, “अच्छा, बाबा, उठा, पाहुणे गेले.”

हॉलमध्ये खसखस पिकली. जुन्या मंडळींनी माना उंच करून विंगेकडे पाहिलं. पण मी तर एक अक्षरही बोलले नव्हते. आणि ती थांबलीही नाही. पलंगापाशी जाऊन, कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अच्छा, हस आता. किती दिवस तोंड पाडून बसशील? आणि जलेबी काहून सोडली तू?”

हे नाटकात नव्हतं. डॉक्टर बिचारे ताडकन उठून बसले आणि सुचेल ते बोलून गेले, “शुगर वाढली म्हणून!”

हॉलभर हशा उसळला.

आता जे सांगते ते तोवर मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ग्वारीघाटावर ह्यांच्या अस्थी सोडल्या, तेव्हा नर्मदेत उभी राहून मी मनातल्या मनात खव्याची जलेबी सोडली होती. गेलेल्या माणसासाठी लोक आवडीचं काहीतरी सोडतात ना, तसं. दर रविवारी हे ती आणायचे, आणि फाटकातच मी पुडा उघडायचे. घरी मात्र मी थाप मारली होती... शुगर वाढली म्हणून.

मग मी हसले. कागद हातातून निसटले, पोट दुखायला लागलं, तरी हसतच होते. पुढचा अंक पोरांनी गणपतीच्या भरवशावर केला.

नाटक संपल्यावर रिद्धीला गाठलं. “ते जलेबीचं तुला कोणी सांगितलं गं?”

“काकू, तुम्हीच तर बोलून राहिल्या होत्या! मला वाटलं, नवीन डायलॉग जोडला.”

“आवाज कसा होता?”

“थोडा भारी होता... जुकाम झाला का तुम्हाला?”

समोरच्या विंगेत पडदा ओढणारे गृहस्थ होते. त्यांनी गणपतीची शपथ घेऊन सांगितलं, आपण समोसा खात होतो. मीच नकळत बोलले असेन? असेनही. पण ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणायचे ते हे; नाशिकच्या माझ्या जिभेवर ते कधी चढलं नाही, उलट त्यावरून मी ह्यांना जन्मभर चिडवलं. आणि तो ‘अच्छा’... जाऊ दे. हे गणित मला अजून सुटलेलं नाही. सुटावं अशी इच्छाही नाही, हे मात्र खरं.

घरी जाताना मुलाला जलेबीच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावली.

“आई, तुझी शुगर?”

“एकदम नॉर्मल आहे.”

त्याने बायकोकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. मी तोवर गाडीतून उतरले होते.

जलेबी नुकतीच कढईतून काढलेली. पहिला घास घेतला आणि इतक्या महिन्यांचं रडू एकदम आलं — भर रस्त्यात, चांगलं मोठ्याने. मी रडत होते, हसत होते आणि खात होते. दुकानदार घाबरला.

“माताजी, ज़्यादा गरम है क्या?”

“नहीं भैया,” मी म्हटलं, “एक और देना.”