अक्कांना वेळेवर न विचारलेला प्रश्न

बाळांनो, मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुमचा गुरुवारचा ग्रुप नक्की करतो काय?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. म्हणून आता खरं उत्तर लिहून द्यावं असं वाटलं.

आम्ही एकाच गल्लीतल्या चौघी, चौघीही एकट्या राहणाऱ्या. दुपारी माझ्या पुढच्या खोलीत बसायचो. प्रत्येकीने आठवड्यात घडलेली एक गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. जी देईल तिने चहा करायचा. नियम अर्थात माझा. इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यावर नियमाशिवाय मला बसताच येत नाही. वळसंग गावची शेजारीण पहिल्याच दिवशी म्हणाली, "मग मला गॅसजवळच बसवा की बाई. सल्ला दिल्याबिगर माझं तोंड मिटत न्हाय."

पण उपयोग झाला. तिने सुनेशी अबोला धरला होता. आम्ही नुसतं विचारलं, "शेवटचं कोण बोललं होतं?" तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "मीच की. आन् लई वंगाळ बोलले." त्याच संध्याकाळी तिने सुनेला फोन केला.

समोरच्या घरातल्या अक्का तेलुगू, विणकरांच्या घरातल्या. आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे बोलणं नेहमी मोठ्याने. त्या दिवशी मात्र हळू बोलत होत्या. "मुलगा आलेला. म्हणतो, घर विकू, पुण्याला चल. मी हो म्हटलं. पण बाई, खरं सांगू का..."

तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं!" आमच्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेही अवेळी. आम्ही तिघी उठलोच. अक्काही हसून म्हणाल्या, "जावा जावा, मोटर लावा." मी दारातून सांगितलं, "पुढच्या गुरुवारी पहिली पाळी तुमची."

पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. मी समोर गेले, तर बांधाबांध चाललेली. "त्या दिवशी काय सांगत होतात?" मी विचारलं. "काही नाही ओ. झालं ते." थोड्याच दिवसांत त्या पुण्याला गेल्या.

नंतर आम्ही तिघी त्याच गोष्टीवर बोललो, नियमाप्रमाणे. त्या दिवशी आपण नेमकं काय केलं? वळसंगची म्हणाली, "माझी टाकी निम्म्याच्या वर भरल्याली हुती. तरी पळाले की मी." बँकेतून निवृत्त झालेली तिसरी म्हणाली, "मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही." आणि मी? मी त्यांच्या मनातल्या गोष्टीला आठवड्यानंतरची वेळ दिली होती, वर्गात हात वर केलेल्या मुलीला "नंतर" म्हणून खाली बसवावं तसं.

आता पाणी आलं की एकच जण उठते आणि तिघींच्या पाण्याच्या मोटरी लावून येते. बोलणारीजवळ दुसरी बसून राहते. एवढं शहाणपण आलं, पण ते अक्कांच्या काही कामाचं नाही.

एका गुरुवारी धीर करून त्यांना फोन लावला, स्पीकरवर. "बरं आहे ओ," म्हणाल्या. "नातू गोड आहे. बोलायला कोण नाही, तेवढंच."

मी विचारलं, "अक्का, तुम्हाला जायचं होतं का?"

"आता विचारता होय बाई?" आवाजात राग नव्हता. "तेव्हा एकीनं जरी विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. तुमच्यासमोर एकदा बोलले असते की मुलालापण सांगायला धीर आला असता." मग नातू शाळेतून आला, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

समोर अक्कांच्या घराला नवीन मालक रंग लावून घेत होते. आम्ही तिघी खिडकीतून बघत राहिलो.