मेश्रामभाऊंना वाचून दाखवलेलं पत्र

मेश्रामभाऊंनी मला पहिल्यांदा झापलं ते सुतळीवरून.

माझी टायपिंग इन्स्टिट्यूट तेव्हा नागपुरातच सीताबर्डीहून धरमपेठेत हलत होती. मी तरुण, कॉन्व्हेंटमधली, सगळं येतं असं वाटणारी. एक टायपरायटर तसाच सायकलरिक्षात ठेवला आणि म्हटलं, "चलो भैया."

आमचे मेकॅनिक मेश्रामभाऊ आतून धावत आले.

"मॅडम, कॅरेज बांधलं काय? रस्त्यानं हे इकडून तिकडे आपटन ना! काहून एवढी घाई?"

मग रिक्षा थांबवून त्यांनी कॅरेज, म्हणजे टायपरायटरचा वरचा सरकणारा भाग, सुतळीने मधोमध बांधलं. मी गाठीवर बोट धरलं. बस, एवढंच. पण सकाळपासून तेच डोळ्यांसमोर आहे.

काल दुपारी भाऊ गेले. हुडकेश्वरला, मुलीच्या घरी.

कॉम्प्युटर आल्यावर बाकीचे मेकॅनिक दुसऱ्या कामाला लागले. भाऊ मात्र ऑफिसांनी भंगारात काढलेली मशीनं उचलून आणत राहिले. साफ करायची, चालू करायची, आणि ज्याला खरंच हवं त्याला ट्रकने पाठवायची.

पंधरा-सोळा किलोचं लोखंड. दूरदूर गेलं. एकही फुटलं नाही.

खालून लाकडी फळीला बोल्ट, कॅरेज बांधलेलं, फळी पेटीत घट्ट. हे कोणीही करेल.

पण भाऊ पेटीचं झाकण घरी ठोकत नसत. उघडी पेटी नागपूरबाहेर, वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात न्यायचे. तिथल्या हमालांना बोलवायचे, सुतळी सोडायचे, कागद लावायचे आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव टाइप करायला लावायचे.

"अबे हळू! हार्मोनियम नाही थे!"

"मंग तुम्ही गाऊन दाखवा ना, भाऊ!"

सगळे हसायचे. मग पुन्हा सुतळी, आणि मग खिळे.

"भाऊ, यात तासभर जातो," मी एकदा म्हटलं.

"जाऊ द्या, मॅडम. ज्यानं आपलं नाव उमटलेलं पाह्यलं, तो पेटी फेकत नाही."

या वर्षी भाऊंना उभं राहता येईना.

एक मराठी मशीन पाठवायचं राहिलं होतं. आमची जुनी विद्यार्थिनी शैला, आता सावंतवाडीजवळ गावचं वाचनालय चालवते, तिच्यासाठी. भाऊंनी ते पलंगावर पडल्या पडल्या, मुलीकडून, प्रमिलाकडून, स्क्रू फिरवून घेत, तयार केलं होतं.

"हे तुम्ही पाठवा, मॅडम. माझं शेवटचं आहे."

मी पाठवलं. फळी, बोल्ट, सुतळी, सगळं केलं.

पण वाडीचं ऊन, ट्रकांची धूळ, माझे गुडघे. मी घरीच झाकण ठोकलं आणि पेटी टेम्पोने पाठवून दिली. चारही बाजूंना, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलेल्या सुंदर अक्षरात, इंग्रजीतून लिहिलं की ही बाजू वर ठेवा, सांभाळून उचला.

मला वाटलं, झालं.

शैलाचा फोन आला. "मॅडम, पेटी उलटीच उतरवली हो त्यांनी. फ्रेमला तडा गेलाय. कॅरेज हातात आलं."

मी हुडकेश्वरला गेले ते सांगायलाच. शपथेवर सांगते, सांगायलाच.

मला पाहताच भाऊंनी विचारलं, "पोचलं?"

"पोचलं, भाऊ. छान चालतंय."

त्यांचा चेहरा असा फुलला की पुढचं तोंडातून निघेना.

"मंग तिले म्हणा, एक पत्र टाइप करून पाठव. मले पाहू द्या."

माझ्या घरी एक मराठी मशीन आहे. त्याच्यावर मी ते पत्र टाइप केलं. शैलाच्या नावाने. खाली तिची सहीसुद्धा केली.

पुढच्या आठवड्यात त्यांना वाचून दाखवलं. 'सगळं व्यवस्थित मिळालं, मुलं रांग लावून बसतात,' वगैरे.

भाऊंनी कागद मागून घेतला. चष्मा लावला. खूप वेळ पाहत राहिले.

"हा ळ वर उडून राहिला," म्हणाले.

ळ वर उडतो तो माझ्या मशीनचा. शैलाच्या नाही. गेली वीस वर्षं भाऊच तो खाली बसवत आले होते.



त्यांनी कागदाची घडी केली, उशीखाली ठेवली. "प्रमिला, मॅडमले चहा ठेव वं."

रागावले असते तर मी तिथेच खरं बोलले असते. नाही रागावले.

त्यानंतर दोनदा गेले. दोन्ही वेळा आम्ही क्रिकेटवर बोललो.

भाऊ, चुकलं माझं. मशीन फुटलं त्यापेक्षा जास्त, पुढे जे केलं ते.

जय भीम, भाऊ. शांत झोपा.

कुणाला काय द्यायचं ते भाऊंनी मला सांगून ठेवलं होतं. संबंधित सगळे ही पोस्ट वाचतील, म्हणून इथेच लिहिते.

लांब कॅरेजचं मशीन अमरावतीच्या वकीलसाहेबांना. साहेब, गाडी घेऊन स्वतः या.

हँडल फिरवून बेरीज करायचं यंत्र मिहानच्या आयटी कंपनीतल्या ऋचाला. ऋचा, सोबत कुणीतरी आण. हँडलला धरून उचलू नकोस, तळाला हात घाल.

हत्यारांची पिशवी प्रमिलाचीच.

शैला, तुला माझं घरचं मशीन. हे भाऊंनी नाही सांगितलं, मी सांगतेय. या वेळी उघडी पेटी घेऊन वाडीच्या गोदामात मी स्वतः जाईन.

आणि प्रमिला, बाबांच्या उशीखाली ते पत्र असेल. ते शैलाला पाठव. तिच्या नावाने मी काय लिहिलं, ते तिने वाचायला हवं.