झाकण कोण धरणार?

शिरूरला आमच्या चाळीत संपतच्या आणि माझ्या घरात भिंत एकच, तीही एकेरी विटेची. त्यामुळं किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. कुकरच्या शिट्टीबरोबर तेही इकडं येतात. राहिलेलं मी विचारून घेते. संपत कारखान्यात प्रेस मशीनवर ऑपरेटर. पत्रा ठेवायचा, प्रेस खाली येते, पत्र्याचा पार्ट होतो.

*

एकदा पलीकडून धाडकन आवाज आला. धावत गेले, तर छताला शेंगदाण्याची चटणी! संपत एका हातानं मिक्सरचा स्विच दाबून उभा, आणि दुसरा पंजा भिंतीवर दाबलेला. त्याची बायको सुनीता ओरडत होती, "दोन्ही हात तिकडं, मग झाकण कोण धरणार? तुमचा सुपरवायझर?"

*

मी विचारलंच. तो म्हणाला, "सवय हाय, काकू. प्रेसला दोन बटनं असत्यात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येती."

"एका बटनानं भागत न्हाई व्हय?"

"भागंल की. पन दुसरा हात आत राहिला तर?"

मी माझे दोन्ही हात पदराखाली घेतले.

*

मग संपतनं चाळीत पेढे वाटले. सगळ्यात जास्त पार्ट काढले म्हणून त्याचा फोटो बोर्डावर लागला होता. साहेब परमनंट करतो म्हणाले होते.

"कसं जमवलंस रे?"

"डाव्या बटनात लाकडाची पाचर मारली, काकू. ते दाबलेलंच राहतंय. डावा हात पत्रा ठेवायला मोकळा!"

"आन् तो आत राहिला तर?"

"पेढा घ्या, काकू."

घेतला.

*

एके दिवशी शिफ्ट संपली आणि संपत पाचर काढायला विसरला. पुढच्या शिफ्टला त्याच मशीनवर बिहारचा रामप्रसाद आला. डाव्या हातानं पत्रा सारखा करताना त्याचा उजवा हात बटनाला लागला. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

साहेबांनी कागद केला: पाचर रामप्रसादनंच मारली, चूक त्याची, त्याला कामावरून कमी करा. पाचर कोणाची ते कारखान्यात एकट्या संपतला ठाऊक.

दोन दिवस पलीकडं मिक्सर वाजला नाही. मी पिठल्याची वाटी घेऊन गेले. सुनीता म्हणत होती, "पुढच्या महिन्यात परमनंट व्हनार तुम्ही. लेकरांकडं बघा."

संपत माझ्याकडं वळला. "काकू, तुम्ही सांगा."

जन्मभर न मागता सल्ले दिले; मागितला तेव्हा पिठल्याची वाटी पुढं केली.

तिसऱ्या दिवशी तो साहेबांपुढं उभा राहिला. "पाचर माझी."

साहेब म्हणाले, "पुन्हा विचार कर."

"इचार त्या दिवशी करायला पायजे हुता, साहेब."

कागद बदलला. रामप्रसादचं काम राहिलं, संपतचं गेलं.

*

महिन्यानं एका रविवारी रामप्रसाद संपतच्या दारात! मी लगेच मेथी निवडायला बाहेर बसले. संपतनं त्याला खुर्ची दिली, स्वतः खाली बसला. सुनीता म्हणाली, "जेवूनच जावा. चटणी वाटते." मिक्सरमध्ये शेंगदाणे घातले आणि संपतकडं बघितलं. तो जागचा हलेना.

रामप्रसाद उठला. डावा हात, तीन बोटांचा, झाकणावर ठेवला.

"ढक्कन मैं पकड़ता हूँ, संपतभाई. आप चलाओ. दोनों हाथ से!"

संपतनं एक पंजा भिंतीवर दाबला. दुसऱ्यानं स्विच.

चटणीला तेल सुटलं तरी मिक्सर चालूच होता. 'पुरे' असं कोणी म्हणालं नाही. मीसुद्धा!